दारास रंधा लावण्यापूर्वीं ओळंबा लावा

पावसाळा तोंडावर आला म्हणजे शेतकऱ्याच्या घरीं कामांची यादी मोठी असते. कौलें चाळावयाचीं, गोठ्याची पन्हळ साफ करावयाची, बियाणें निवडावयाचें, जळण आंत घ्यावयाचें. ह्या यादींत घराच्या दाराचें नांव बहुधा नसतें. दार अडूं लागलें म्हणजे आपण त्यास खांदा देतों, लाथ मारतों, आणि तेवढ्यानें भागलें नाहीं तर सुतारास हांक मारून त्याची कड तासून घेतों. दार पुन्हां लागूं लागतें आणि आपण तें विसरतों. पुढच्या आषाढांत तोच प्रकार.

आमच्या घरीं हा प्रकार एक तपभर चालला, आणि त्याची किंमत आमच्या मातोश्रींना द्यावी लागली. ती हकीकत, व तिच्यापासून आम्हांस जें शिकावें लागलें तें, शेतकरी बंधूंपुढें ठेवावें एवढाच ह्या लेखाचा हेतु आहे. आम्ही सुतार नव्हे. सारा जन्म महसूल खात्यांत कारकुनी केली. तेव्हां कसबी कारागिरांनीं आमचीं न्यूनें पोटांत घालावीं आणि जें उपयोगीं वाटेल तेवढें घ्यावें.

दाराची कैफियत

आमचें घर सातारा जिल्ह्याच्या जावळी तालुक्यांतील एका लहान खेड्यांत आहे. येथें पावसाळ्यांत वारा नैर्ऋत्येकडून येतो आणि पाऊस घराच्या पाठीवर आपटतो. पुढील दार पूर्वेस पडवीच्या आड असल्यामुळें त्यास फारसा पाऊस लागत नाहीं. परसदार मात्र पश्चिमेस, उघड्यावर आहे. परसांत गोठा, न्हाणी व जळणाचा ढीग असल्यामुळें घरांतील बायामाणसांचा दिवस ह्या दारानेंच सुरू होतो. दार सागाच्या चार उभ्या फळ्यांचें, मागून तीन आडव्या पट्ट्या मारलेलें, सहा फूट उंच, अडीच फूट रुंद व दीड इंच जाड आहे. तें आंत उघडतें.

प्रथम एका आषाढांत तें खालीं उंबरठ्यावर घांसूं लागलें. सुतारानें खालची कड तासली. पुढल्या वर्षीं कडीकडील बाजू अडली, तीहि तासली. असें करतां करतां दार उन्हाळ्यांत खुळखुळें होऊं लागलें, त्याच्याखालून उंदीर ये-जा करूं लागले, कडी कोयंड्यांत बसेनाशी झाली. आणि पावसाळा आला कीं पुन्हां घट्ट. सुताराचा ह्यांत दोष नव्हता. आम्ही त्यास “एवढें दार तासून दे” म्हणून सांगत असूं, आणि तो सांगितलेलें काम करून जात असे. दार कां अडतें, हें आम्ही त्यास कधीं विचारलेंच नव्हतें.

सन २०१९ च्या श्रावणांत पाऊस कसा पडला हें सातारा, सांगली व कोल्हापूर जिल्ह्यांतील वाचकांस सांगावयास नको. त्या ऑगस्ट महिन्यांत आम्ही पडझड झालेल्या घरांचे पंचनामे लिहिण्यांत रात्रंदिवस गुंतलों होतों. एके दिवशीं पहांटे मातोश्री धार काढण्यास निघाल्या. त्यांचें वय तेव्हां अठ्ठ्याहत्तर वर्षांचें होतें. दार फुगून बसलें होतें. त्यांनीं कडी काढून दोन्ही हातांनीं ओढलें, तें हालेना. मग एक पाय चौकटीस लावून जोर केला. दार एकदम सुटलें आणि त्या पाठीमागें फरशीवर आदळल्या. खुब्याचें हाड मोडलें. रस्त्यावर पाणी असल्यामुळें त्यांना दवाखान्यांत पोंचविण्यास दुपार झाली.

दुसऱ्यांच्या भिंती किती फूट पडल्या, हें आम्ही फीत धरून लिहून घेत होतों. आपल्या स्वतःच्या दाराची चौकट किती कलली आहे हें मात्र आम्ही कधीं मोजलें नव्हतें. ही गोष्ट सांगावयास लाज वाटते, पण ती सांगितल्यावांचून पुढील मजकुरास अर्थ नाहीं. शस्त्रक्रिया होऊन घरीं आल्यावर मातोश्री म्हणाल्या, “दाराचा काय दोष? मीच जोर जास्त केला.” हें वाक्य आम्हांस फार लागलें.

ओळंब्यानें काय दाखविलें

दिवाळीच्या सुटींत आम्ही आळींतील एका वृद्ध मिस्त्रींस बोलावून आणिलें. त्यांनीं आतां काम सोडलें आहे. आम्ही म्हणालों, “नाना, लागेल तेवढें तासा, पण आतां कायमचें करा.” त्यांनीं दाराकडे पाहिलेंच नाहीं. पिशवींतून ओळंबा काढला, बिजागऱ्यांच्या बाजूस चौकटीच्या माथ्याशीं धरला, आणि दोरा स्थिर होईपर्यंत तसेच उभे राहिले. मग म्हणाले, “भाऊसाहेब, तुम्ही हद्दीचा दगड न बघतां बांध कोरत बसलाय. दार चांगलं आहे. चौकट बघा.”

चौकटीच्या दोन उभ्या लांकडांस बाही म्हणतात. आमच्या चौकटीची बिजागरीकडील बाही सहा फूट उंचींत चार सूत, म्हणजे अर्धा इंच, दाराच्या मोकळ्या जागेकडे कललेली निघाली. सुताराच्या मापांत एका इंचाचीं आठ सुतें होतात. नंतर त्यांनीं चौकटीचे दोन्ही कर्ण, म्हणजे समोरासमोरच्या कोपऱ्यांमधील अंतरें, फितीनें मोजून दाखविलीं. दोहोंत तीन सुतांचा फरक आला. चौकट काटकोनांत असती तर दोन्ही कर्ण सारखेच भरले असते. शेताची मोजणी ज्यानें पाहिली आहे त्यास हें लगेच पटेल. चारहि बाजूंचीं मापें बरोबर असलीं तरी कर्ण चुकला कीं शेताचा आकार चुकतो. आमची चौकट चारहि बाजूंनीं मापांत बरोबर होती. तिचा आकार मात्र बिघडला होता.

ह्याचा परिणाम दारावर कसा होतो, तें पहा. दार बाहीस बांधलेलें असतें. बाही जितकी कलेल तितकें दारहि कलतें. सहा फुटांत चार सूत कल असेल तर अडीच फूट रुंद दाराचें कडीकडील टोक सुमारें पावणेदोन सूत खालीं येतें. दाराखालीं एक सुताची फट ठेविलेली असेल तर तें उंबरठ्यावर घांसणारच. आपण रंधा घेऊन तेवढें लांकूड काढतों. बाही पुढील वर्षीं आणखी थोडी कलते. आपण आणखी लांकूड काढतों. दुखणें भिंतींत आणि औषध दारास, असा हा प्रकार आहे.

दोन दुखणीं, दोन खुणा

मिस्त्रींनीं सांगितलेली एक गोष्ट प्रत्येक घरधन्यानें ध्यानांत ठेवण्याजोगी आहे. लांकूड दमट हवेनें फुगतें व कोरड्या हवेनें आकसतें, हें सर्वांस ठाऊक आहे. परंतु तें फुगतें रुंदींत. लांबींत, म्हणजे धाग्याच्या दिशेनें, तें जवळजवळ वाढतच नाहीं. उभ्या फळ्यांच्या दारांत धागा उभा असतो. म्हणून असलें दार पावसाळ्यांत रुंद होतें, उंच होत नाहीं. आम्ही पुढें आमच्या दाराची रुंदी वैशाखांत व श्रावणांत मोजून पाहिली; ती दोन सुतांनीं वाढली होती. उंचींत फितीला दिसेल असा फरक नव्हता.

ह्यावरून निदान सोपें होतें. दार कडीच्या बाजूस वरपासून खालपर्यंत सारखेंच अडत असेल, तर तें लांकडाचें फुगणें समजावें. तें खालीं, कडीकडील कोपऱ्याशीं घांसत असेल, तर तें फुगणें नव्हे. चौकट कलली आहे, किंवा वरची बिजागरी सैल झाली आहे, किंवा दार स्वतःच काटकोनांतून गेलें आहे. ह्या तिहींपैकीं कोणत्याहि दोषावर रंधा हें औषध नाहीं. आणि दार उघडून सोडलें असतां आपण होऊन मिटत किंवा उघडत असेल, तर बाही आंत किंवा बाहेर झुकली आहे. म्हणून ओळंबा बाहीच्या दोन तोंडांस लावावा. एकदां मोकळ्या जागेकडील तोंडास, आणि एकदां घराच्या आंतील तोंडास.

आमच्या येथें मूळ कारण पाणी निघालें. न्हाणीचें सांडपाणी वर्षानुवर्षें उंबरठ्याच्या बिजागरीकडील टोकाशीं मुरत होतें. तेथील पायाचा दगड खचला होता आणि मातींत बांधलेली भिंत दाराच्या मोकळ्या जागेकडे झुकली होती. चौकट तिच्याबरोबर गेली. बारा वर्षें आम्ही ज्याचा दोष दारास देत होतों, तो सारा न्हाणीच्या मोरीचा होता.

आधीं पाणी, मग पाया, मग चौकट

दुरुस्तीचा क्रम महत्त्वाचा आहे. आम्हांस दारावर हात घालण्याची घाई झाली होती. मिस्त्रींनीं तें करूं दिलें नाहीं. प्रथम मार्गशीर्षांत न्हाणीची मोरी फिरवून पाणी दूर नेलें. नंतर गवंड्याकडून खचलेल्या कोपऱ्याखालीं दगड भरून पाया बांधून घेतला. त्यानंतर भिंतीच्या भेगेवर, ती आडवी ओलांडून जाईल अशी, चुन्याची एक पातळ पट्टी ओढून तिच्याशेजारीं तारीख लिहून ठेविली. भिंत अद्याप हलत असेल तर ती पट्टी तडकते. स्थिर झाली असेल तर अखंड राहते. पौषांत लिहिलेली तारीख चैत्रांत पाहिली तेव्हां पट्टी जशीच्या तशी होती. एवढें झाल्यावरच चौकटीचें काम निघालें.

बाहीमागचा गिलावा काढून ती मोकळी केली, पाचरा ठोकून ओळंब्यांत आणली, आणि भिंतींत रुतवावयाच्या लोखंडी पट्ट्या, ज्यांस गवंडी होल्डफास्ट म्हणतात, त्या तीन ठिकाणीं बसवून घट्ट केली. पट्ट्या पक्क्या बसून गिलावा वाळेपर्यंत पाचरा काढल्या नाहींत. दुसरी बाहीहि त्याचप्रमाणें सरळ केली व पुन्हां दोन्ही कर्ण मोजले. ते बरोबर जुळले. भिंतीस चिकटणाऱ्या लांकडास डांबर फांसलें, कारण वाळवी व ओल ह्या दोन्ही तिकडूनच येतात. आमच्या बाहीचें खालचें टोक चार बोटें कुजलें होतें. तें कापून तेथें घडीव दगड बसविला.

फळ्या, पट्ट्या आणि हरवलेला काटकोन

चौकट सरळ झाली आणि आमच्या रंध्याचें पाप उघडें पडलें. इतक्या वर्षांत तासून तासून दाराची खालची कड तिरपी झाली होती. सरळ चौकटींत तें उभें केलें तर कडीकडे खालीं पाऊण इंच उजेड दिसूं लागला. नवें दार करण्याची जरुरी नव्हती. खालची कड गुण्यास धरून सरळ कापली आणि खालीं सागाची एक पट्टी सांधून दाराची उंची पूर्ववत् केली. कडीकडील बाजूसहि तसेंच केलें. जें तासून खाल्लें होतें तें दारास परत दिलें, असें म्हणावें.

आमच्या दारास मागें तीन आडव्या पट्ट्या होत्या. तिरपी पट्टी नव्हती. तिच्यावांचून फळ्यांचें दार स्वतःच्या वजनानें हळूहळू झुकतें. आम्ही दोन तिरप्या पट्ट्या बसविल्या. ह्यांत एक चूक फार घडते. तिरप्या पट्टीचें खालचें टोक बिजागरीच्या बाजूस आणि वरचें टोक कडीच्या बाजूस असलें पाहिजे. म्हणजे कडीकडील भार पट्टीवरून उतरून बिजागरीकडे येतो आणि पट्टी टेकूसारखी दाबली जाते. उलट बसविली तर ती ओढली जाते, आणि खिळे सैल झाले कीं तिचा उपयोग संपतो.

बिजागऱ्यांवरील भार

आमचें दार सुमारें चाळीस किलो भरतें. हा सर्व भार बिजागऱ्या वाहतात, पण तो त्यांवर सारखा पडत नाहीं. वरची बिजागरी चौकटींतून उपटली जात असते, आणि खालची चौकटीवर दाबली जात असते. म्हणून वरचे स्क्रू आधीं सैल होतात. वरची व खालची बिजागरी जितकी एकमेकींपासून दूर, तितकी ही ओढ कमी. हिशेब असा कीं, दाराचें वजन त्याच्या अर्ध्या रुंदीनें गुणावें व दोन बिजागऱ्यांमधील अंतरानें भागावें. चाळीस किलोच्या, तीस इंच रुंद दारास बिजागऱ्या तीस इंचांवर असतील तर वरचीस वीस किलोची ओढ बसते. त्याच चोपन्न इंचांवर नेल्या तर अकरा किलोची. आमच्या जुन्या बिजागऱ्या दोनच होत्या, आणि त्या मधल्या भागांत जवळजवळ होत्या.

आतां वरची बिजागरी माथ्यापासून सात इंचांवर, खालची तळापासून अकरा इंचांवर, आणि तिसरी मध्याच्या किंचित वर ठेविली. तिसरीमुळें दाराची कड वांकत नाहीं. तिन्हींच्या खिळ्या, म्हणजे ज्यांभोंवतीं त्या फिरतात त्या सळया, एका सरळ रेषेंत आल्या पाहिजेत. नाहींतर दार फिरतांना कुरकुरतें आणि स्क्रू ओढले जातात.

जुन्या भोकांत नवा स्क्रू धरत नाहीं. तेथें सागाची खुंटी सरस लावून ठोकावी, ती वाळूं द्यावी, आणि मग नवें भोंक पाडावें. स्क्रू हातोडीनें ठोकून शेवटचे दोन आटे फिरविण्याची चाल फार वाईट आहे. अशा स्क्रूनें लांकडाचा धागा तुटलेला असतो आणि तो एका पावसाळ्यापुरताच धरतो. स्क्रूपेक्षां बारीक भोंक गिरमिटानें आधीं पाडावें, स्क्रूच्या आट्यांस थोडा साबण लावावा, आणि तो सबंध फिरवूनच बसवावा.

दार बसविणें

हें काम वैशाखांत करावें असें ठरलें होतें, आणि सन २०२० च्या वैशाखांत टाळेबंदी होती. बाहेरगांवचा कारागीर येणें शक्य नव्हतें. आम्हांस कार्यालयाचें काम होतेंच. आठवड्याची एक सुटी मिळे. सामान दिवाळीपासून घरांत आणून ठेविलेलें होतें. तेव्हां दार आम्ही व आमचे चिरंजीव यांनींच बसविलें, आणि मिस्त्री परसाच्या कुंपणापलीकडे खुर्ची टाकून तेथून सांगत राहिले. सबब खालील क्रम हा नवशिक्यांनीं करून पाहिलेला क्रम आहे.

प्रथम उंबरठ्यावर दोन पातळ पाचरा ठेवून दार चौकटींत उभें केलें. पाचरांनीं खालची फट ठरते. बाजूंस फटीइतक्या जाडीचे लांकडी तुकडे सारून दार मध्यावर आणलें. ह्याच स्थितींत बिजागऱ्यांच्या जागा दारावर व बाहीवर एकाच वेळीं खुणावल्या. वेगवेगळें मोजून केलेल्या खुणा क्वचितच जुळतात.

नंतर दार खालीं घेऊन पटाशीनें खांचा काढल्या. खांच बिजागरीच्या पात्याच्या जाडीइतकीच खोल असावी. आम्ही पहिली खांच अधिक खोल काढली. तेव्हां दार मिटतांना शेवटीं अडे आणि हात सोडला कीं परत उसळे. आम्हांस वाटलें, पुन्हां तासावें लागणार. कुंपणाबाहेरून आवाज आला, “रंधा ठेवा खालीं! पात्यामागं पुठ्ठा घाला.” जुन्या पोस्टकार्डाचे दोन तुकडे कापून पात्यामागें घातले आणि दार शांतपणें मिटलें.

बिजागऱ्या आधीं दारास लावल्या. मग एकानें दार पाचरांवर धरलें आणि दुसऱ्यानें वरच्या बिजागरीचा एक स्क्रू बाहींत बसविला, त्यानंतर खालच्या बिजागरीचा एक. एवढ्यावरच दार हळूच फिरवून पाहिलें. सर्व स्क्रू एकदम लावूं नयेत, म्हणजे चूक सुधारण्यास जागा राहते. दार पाव उघडून सोडलें, अर्धें उघडून सोडलें, पाऊण उघडून सोडलें. जेथें सोडलें तेथें तें थांबलें. तेव्हां बाकीचे स्क्रू लावले, आणि शेवटीं कडी व कोयंडा. कोयंड्याची जागा दार बसल्यानंतरच खुणवावी, आधीं नव्हे.

फट किती ठेवावी

खालीं बारा महिने एक सूत फट पुरे, कारण उंचींत दार वाढत नाहीं. कडीकडील फट मात्र महिना पाहून ठेवावी. वैशाखांत लांकूड पूर्ण आकसलेलें असतें, म्हणून आमच्या रुंदीच्या दारास अडीच सूत फट ठेविली. श्रावणांत त्यांतील दोन सुतें भरून निघालीं व अर्धें उरलें. तेंच दार भाद्रपदांत बसविलें असतें तर अर्धें सूतच ठेवावयास पाहिजे होतें. चौकटीच्या खांचेवर दार टेकत असल्यामुळें ही बाजूची फट उघडी पडत नाहीं. ज्यानें वैशाखांत एक सुताची सुबक फट ठेविली त्यास आषाढांत रंधा शोधावा लागतो. आणि ज्यानें आषाढांत रंधा मारला त्यास चैत्रांत कडी लागत नाहीं.

फटीचा संबंध धान्याशींहि आहे. घरांतील लहान उंदीर दोन सुतांच्या, म्हणजे पाव इंचाच्या, फटींतून आंत येऊं शकतो. आमच्या तासलेल्या दाराखालून किती ज्वारी गेली असेल ह्याचा हिशेब कोण देणार? ज्या खोलींत कणगी वा पोतीं आहेत तिच्या दाराच्या तळाशीं बाहेरून हातभर उंचीचा पत्रा मारावा, म्हणजे उंदरास लांकूड कुरतडतां येत नाहीं. चोराविषयींहि एक शब्द. बाहेरचें दार आंत उघडणारें असलें म्हणजे बिजागऱ्यांच्या खिळ्या आंतल्या बाजूस राहतात व बाहेरून कोणास त्या काढतां येत नाहींत. दार बाहेर उघडणारें करावयाचें असल्यास न निघणाऱ्या खिळ्यांच्या बिजागऱ्या मागाव्या.

दरवर्षींचें काम

दारास रंग देतांना आपण दिसणाऱ्या दोन बाजू रंगवितों. लांकूड पाणी पितें तें मुख्यतः फळीच्या वरच्या व खालच्या टोकांकडून, जेथें धाग्याचीं तोंडें उघडीं असतात. हीं दोन टोकें बहुधा कोरडीं राहतात, कारण दार बसल्यावर तेथें कुंचला पोंचत नाहीं. म्हणून दार बसविण्यापूर्वींच त्यांस शिजविलेलें जवसाचें तेल दोनतीन वेळां पाजावें व वर रंग द्यावा. पावसाच्या तोंडच्या दारास बाहेरून तळाशीं एक उतरती पट्टी मारावी व तिच्याखालीं बारीक खोबण काढावी. मग ओघळणारें पाणी उंबरठ्याच्या आंत न शिरतां बाहेर पडतें. बाजारांत मिळणारें खोलीचें साधें फ्लश दार अशा ठिकाणीं लावूं नये. त्याचे पदर सुटतात. पाणी सोसणाऱ्या प्रतीचेंच मागावें.

ह्याखेरीज दरसाल वैशाखांत अर्ध्या तासाचें काम आहे. बाहीस ओळंबा लावावा, कर्ण मोजावे, वरच्या बिजागरीचे स्क्रू पाहावे, बिजागऱ्यांत तेलाचे दोन थेंब सोडावे, आणि उंबरठ्याजवळ कोठें पाणी मुरतें काय तें पाहावें. आलेला आंकडा आम्ही चौकटीच्या मागें पेन्सिलीनें सालवार लिहून ठेवितों. चार सालांचे आंकडे सारखे असले कीं मन निश्चिंत होतें. ज्या सालीं फरक दिसेल त्या सालीं आधीं मोरी व पाया पाहावा.

सन २०२० च्या आषाढापासून आजवर आमच्या परसदारास रंधा लागलेला नाहीं. एवढ्या कामास दोन गड्यांचे दोनतीन दिवस आणि थोडें सामान लागलें. त्याचा सर्व खर्च मातोश्रींच्या दवाखान्यांतील एका दिवसाच्या खर्चाहूनहि कमी होता. मातोश्री आतां काठी घेऊन चालतात. गोठ्यांत जाणें व धार काढणें बंद झालें. पण पहांटे त्या परसदारापाशीं येतात, दोन बोटांनीं कडी ओढून दार उघडतात, आणि तेथें पाट टाकून गुरांकडे पाहत बसतात. दार आवाज करीत नाहीं. पूर्वीं हें दार एवढ्या सहजपणें कधीं उघडलें होतें, तें आम्हांस आठवत नाहीं.

शेतकरी बंधूंस विनंति इतकीच कीं, ह्या पावसाळ्यापूर्वीं घराचीं सर्व बाहेरचीं दारें एकदां तपासावीं. विशेषतः जें दार घरांतील वडील माणसें व मुलें पहांटे उघडतात तें. ओळंबा घरांत नसला तर दोऱ्याच्या टोकास एक जड नट बांधला तरी चालतो. हें काम घटकाभराचेंहि नाहीं. आम्हांस तो दोरा हातांत धरावयास एक तप लागलें.